चार अंकांची चढाओढ

कोड्यांच्या खेळीमेळीच्या चढाओढींत ज्याचें उत्तर आधीं त्याची सरशी, अशी मुलांची समजूत असते. ती कितपत खरी, हें देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं १९४९ सालीं दाखविलेल्या एका गमतीवरून पाहूं.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी, व बाकीवर पुनः तोच प्रयोग करावा. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; पुढें ८५३२ − २३५८ = ६१७४. यानंतर कितीही वेळां वजा करा, ६१७४ च! फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथें येते. (बाकी ९९९ आल्यास ०९९९ धरावी, पुष्कळ मुलें येथेंच फसतात.)

पण हें सिद्ध कसें करावें? ज्याचा हात चपळ तो हजारों उदाहरणें करीत बसेल. विचारी विद्यार्थी आधीं बाकीची घडण पाहील. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, म्हणजे ही बाकी. पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. म्हणून बाक्या संभवतात त्या २ + ३ + … + १० = ५४ च. तेवढ्या तपासल्या कीं काम झालें. आम्ही परीक्षक असतों तर बक्षीस ह्यालाच देतों.

तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ वर पडतो. तेथें किती बाक्या तपासाव्या लागतील, हें पालकांनींही मुलांबरोबर बसून काढून पाहावें.