गृहसजावटीतील लोकरी विणकाम : कोल्हापूर परिसरातील घोंगडी आणि स्वीडनमधील रोलाकान

प्रस्तावना : जुन्या, हातमागावरील स्वीडिश लोकरी गालिच्यांना जगभरातील गृहसजावटीत मोठी मागणी आहे. कोल्हापूर परिसरातही लोकर विणण्याची जुनी परंपरा आहे, ती म्हणजे घोंगडी. प्रस्तुत लेखात या दोन वस्त्रांचा तौलनिक विचार केला आहे.

घोंगडीची घडण : दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ व केसाळ असते. मेंढपाळ धनगर ती कातरतात, धनगर स्त्रिया तिचे सूत काततात आणि सणगर समाजातील विणकर खड्डामागावर घोंगडी विणतात. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ दिली जाते. त्यामुळे केसाळ धागा मागावर तुटत नाही व नव्या घोंगडीला ताठपणा येतो. लोकरीचे काळे, पांढरे, तपकिरी असे नैसर्गिक रंग हेच तिचे अलंकरण होय. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकरही उधळली जाते, यावरून या लोकरीचे धार्मिक स्थान ध्यानी येते.

रोलाकान : ही दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांताची विशेष ओळख असलेली विणकामपद्धती आहे. तीत बाण्याचे रंगीत धागे ताणा पूर्णपणे झाकतात आणि दोन रंगांच्या सीमेवर एकमेकांत गुंतवले जातात. तीतूनच भौमितिक नक्षी उमटते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे कापड मुळात जमिनीसाठी नव्हतेच. बाकावरील आच्छादने व गाडीतील उशा यांसाठी शेतकरी कुटुंबे ते विणत. मार्टा मोस-फ्येटरस्ट्रोम यांनी १९१९ मध्ये बोस्टाड येथे विणकामशाळा स्थापन केली व या जुन्या पद्धतीला गालिच्याचे रूप दिले. त्यांच्या गालिच्यांच्या कोपऱ्यात आद्याक्षरे विणलेली असत. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती आद्याक्षरे बदलली, त्यामुळे आजही गालिच्याचा काळ ओळखता येतो. घोंगडीवर मात्र विणकराची कोणतीही खूण नसते.

उपयोगातील अडचणी : घोंगडी हे मूलतः पांघरण्याचे व अंथरण्याचे वस्त्र आहे. ती तशीच दिवाणखान्यात पसरून तिच्यावर जड मेज ठेवल्यास ताण्यावर अकारण ताण येतो. तिला गालिचा म्हणून विकायचे असेल, तर बाणा अधिक घट्ट ठोकून वीण दाट करावी लागेल, म्हणजेच लोकर व श्रम दोन्ही वाढतील आणि त्यांचे मोल ग्राहकाने द्यावयास हवे. भिंतीवर टांगण्यासाठी किंवा बैठकीसाठी मात्र ती आहे तशीच योग्य ठरते. खळ असेपर्यंत तिला पाण्यात भिजत घालू नये. अधूनमधून ऊन द्यावे, अन्यथा कसर लागते.

कच्च्या मालाचा प्रश्न याहून गंभीर आहे. लोकरीच्या विक्रीतून कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही. परिणामी मेंढपाळ मांसासाठी सोयीच्या, अल्प लोकरीच्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळत आहेत. सजावटीच्या बाजारात घोंगडीला चांगली किंमत आली, तरी तिचा वाटा सूत कातणाऱ्या स्त्रीपर्यंत व कळप राखणाऱ्या मेंढपाळापर्यंत पोहोचला नाही, तर मागावर चढवण्यास दख्खनी लोकर उरणार नाही.