पॅरिसहून परळला: पाश्चर संस्था आणि हाफकिन

फ्रान्समधल्या विज्ञानसंस्थांवर बोलायचं तर नावांची यादी वाचण्यात अर्थ नाही. एकच संस्था घेऊ, जिचा धागा आपल्या परळपर्यंत येतो. वर्तकनगरातून आपण परळला जातो ते बहुधा टाटा किंवा के.ई.एम.ला, कुणाच्या तरी दुखण्यापायी. त्याच परिसरात हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. ज्यांचं नाव तिला आहे ते वाल्देमार हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आले होते.

पाश्चर संस्था हा काय प्रकार आहे ते आधी पाहू. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका मुलाला लस टोचली आणि तो वाचला. मग देशोदेशीहून वर्गणी जमली. रशियाच्या झारापासून साध्या माणसांपर्यंत सगळ्यांनी पैसे दिले, आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये संस्था उघडली. ती विद्यापीठाची शाखा नव्हती आणि सरकारी खातंही नव्हतं. फ्रान्सची ही जुनी सवय आहे: नवं काही करायचं तर विद्यापीठाबाहेर वेगळी संस्था काढायची. 'कॉलेज द फ्रान्स' १५३० सालचं. तिथली व्याख्यानं कुणीही जाऊन ऐकावीत. प्रवेश नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. (म्हणजे आपल्या व्याख्यानमालेसारखंच की!) १९३९ साली निघालेली 'सीएनआरएस' ही प्रचंड संशोधन संस्था, तीही पदवी देत नाही.

पाश्चर संस्थेत १८८९ पासून एमिल रू सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रात्यक्षिक वर्ग घेत. त्यातून तयार झालेली माणसं जगभर गेली. हाफकिन मूळचे ओडेसाचे, ज्यू. १८८९ साली पॅरिसला आले तेव्हा संस्थेत एकच जागा मोकळी होती, सहायक ग्रंथपालाची. ती घेतली. उरलेला वेळ प्रयोगशाळेत. जुलै १८९२ मध्ये त्यांनी स्वतः तयार केलेली कॉलऱ्याची लस स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत, मांडवी भागात, प्लेग उघडकीला आला. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्यावर त्यांनी लस बनवली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. ते उष्णतेनं मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचणी पुन्हा स्वतःलाच. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन तीच.

आता मुद्द्याकडे येतो. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांनी लशीत कार्बॉलिक अ‍ॅसिड घालणं सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर संस्थेत ही पद्धत वापरात होती. इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ती परकी होती. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. वास्तविक त्या दिवशीच्या इतर बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला आणि तोच नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हेही पुढे आलं. तरी ठपका पुसायला १९०७ साल उजाडलं, आणि त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांना लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहावं लागलं.

माझ्या मते पद्धत पॅरिसहून परळला आली, पण तिच्यामागची संस्था आली नाही. पॅरिसला असा वाद झाला असता तर तो आधी प्रयोगांनी लढला गेला असता, आणि संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला गेला असता. परळला हाफकिन हे सरकारी नोकर होते. त्यांचा वाद फायलीत गेला.

पण पाश्चर संस्थेचा शिक्का असला की सगळं मान्य होई, असंही नाही हं. त्याच संस्थेचे येर्सिन १८९७ साली रक्तरसाचं औषध घेऊन मुंबईत आले, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्या सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं की प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो. तो निबंध पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापूनही आला, तरी कित्येक वर्षं लोकांनी मान डोलावली नाही.

परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव १९२५ साली मिळालं.

विद्यार्थी नेहमी विचारतात, पाश्चर संस्थेतून पीएच.डी. करता येते का? काम तिथे करता येतं, पण नाव विद्यापीठात नोंदवावं लागतं आणि पदवी विद्यापीठच देतं. हाफकिनमध्येही तसंच आहे: प्रयोग परळला, पदवी विद्यापीठाची.