निळ्या डोळ्यांचें गवत आणि आपली आभाळी

भाद्रपदांत भंडारदऱ्याहून रतनवाडीकडे निघालें म्हणजे वाटेच्या कडेस, जेथें खडकावर बोटभरहि माती नाहीं अशा जागीं, निळसर जांभळ्या फुलांचे पुंजके दिसूं लागतात. पानें अरुंद, रोप वीतभर; म्हणून पाहणारा सहज म्हणतो, "गवत आहे तें." हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेंतील कुरणांत उगवणाऱ्या एका नाजूक रोपास इंग्रजी भाषेंत "निळ्या डोळ्यांचें गवत" असेंच नांव पडलें आहे. शुभवर्तमानांतहि रानांतील फुलांना गवत म्हटलें आहे. परंतु तेथें विषय वनस्पतिशास्त्राचा नाहीं.

मग गवत कशास म्हणावें? खऱ्या गवताच्या खोडाला पेरें असतात व पेरांमधील भाग बहुधा पोकळ असतो. त्याच्या फुलास रंगीत पाकळ्या नसतात, कारण त्याला कीटकांस बोलवावयाचें नसतें. त्याचा पराग वाराच नेतो. आपल्या डांगाणांतील भात, नागली आणि वरई हीं तिन्ही या अर्थानें गवतेंच होत.

अमेरिकेंतील त्या रोपाची गोष्ट वेगळी. लिनीअसनें १७५३ सालीं "सिसिरिंकियम" या नांवानें ज्या प्रजातीची नोंद केली, तिच्या फुलास सहा सारख्या पाकळ्या, तीन पुंकेसर, आणि बीजकोश पाकळ्यांच्या खालीं. हीं लक्षणें गवताचीं नव्हेत, केशराच्या कुलाचीं आहेत. म्हणजे निळ्या डोळ्यांचें गवत हें काश्मीरच्या केशराचें भावंड ठरतें.

आतां आपल्या वाटेवरील फूल. त्याला कोणी आभाळी म्हणतात, कोणी नभाळी. आणि हीं दोन नांवें दोन निरनिराळ्या जातींकरितां अदलूनबदलून वापरलीं जातात. एक जात बहुवर्षायु असून तिचीं मुळें कंदासारखीं फुगीर असतात. उन्हाळ्यांत ती जमिनीवर दिसतच नाहीं. दुसरी एकाच पावसाळ्याची सोबतीण. ती उघड्या कातळावर वाढते, आणि तिचीं जाड, केसाळ पानें पाणी धरून ठेवतात. दोघींचें प्रजातिनाम "सायॅनोटिस." हें नांव डेव्हिड डॉन यानें १८२५ सालीं दिलें, ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ "निळा कान" असा होतो. तिकडे डोळा, इकडे कान!

फूल भिंगाखालीं धरावें. पाकळ्या तीनच. त्या मध्यभागीं एकमेकींस जोडलेल्या, परंतु बुडाशीं पुन्हां सुट्या; अशी रचना फुलांत क्वचितच आढळते. पुंकेसर सहा, आणि त्यांच्या दांड्यांवर निळ्या केसांची झालर. यांतील एकेक केस म्हणजे मण्यांची माळ असून प्रत्येक मणी म्हणजे एक पेशी. याच कुलांतील ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतीच्या अशाच केसांत रॉबर्ट ब्राउन यानें पेशींतील केंद्रक पाहिलें. केंद्रकास शास्त्रीय नांव त्यानेंच १८३१ सालीं दिलें.

याच कुलांतील केना तर सर्वांच्या परिचयाचा. त्याची भाजी आपण खातों. त्याच्या "कॉमेलिना" या नांवाचा अर्थ सांगतांना लिनीअसनें विनोदच केला आहे. फुलाच्या दोन पाकळ्या ठळक व तिसरी नांवापुरती. तसेच कॉमेलिन घराण्यांतील दोघे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, आणि तिसरा कांहीं करण्यापूर्वींच वारला! जनुकांच्या तुलनेवरून आज असें ठरलें आहे कीं, आभाळी व केना यांचा गण केळ आणि हळद यांच्या गणास सर्वांत जवळचा असून गवतें त्याहून दूरचीं आहेत. तळ्यांत माजणारी जलपर्णी तर आभाळीच्याच गणांतील.

वर्गीकरण म्हणजे नांवांची घोकंपट्टी, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. शेतांत मात्र त्याची किंमत रोख मोजावी लागते. फक्त गवत मारणारें औषध केन्यावर फवारलें तर पैसे वायां जातात, कारण तें औषध गवतांच्याच अंगच्या एका विकरावर घाला घालतें. नुसतें खुरपूनहि केना संपत नाहीं. तुटलेल्या कांडीला पेराशीं मुळें फुटतात, आणि जमिनीखालीं न उमलणारीं फुलें येऊन तेथेंच बी धरतें. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत, ग्लायफोसेट फवारलेल्या कापसांत, या शतकाच्या आरंभीं हाच आपला केना मोठा उपद्रव होऊन बसला.

आभाळी पाहण्यास सकाळीं जावें. तिच्या पाकळ्या एका दिवसांत विरघळून जातात. टिपकागदांत दाबून ठेवल्या तरी फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून जागेवरच भिंगानें पाहावें, चित्र काढावें, आणि मुळें उपटूं नयेत. नांवाची खात्री करावयाची असल्यास थिओडोर कूक यांचा १९०१ ते १९०८ या काळांत निघालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ उपयोगीं पडतो. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लॅटर यांनीं मॅक्कॅन यांच्यासह लिहिलेला गवतांवरील ग्रंथ फादरांच्या मृत्यूनंतर १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत आभाळी शोधूं नये. ती तेथें नाहीं.