अर्धशिशी : काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं?



नवरात्र आलं की हर्सूलला हरसिद्धी मातेच्या दर्शनाला पहाटेपासून गर्दी होते. कुणी नऊ दिवसांचा उपवास धरतं, कुणी उठता-बसता. काही जणी तर दिवस दिवस नुसत्या चहावर काढतात. मग शाळेत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत एकच विचारणा सुरू होते, "बाम आहे का हो कुणाकडे? अर्धं डोकं धरलंय." यावर सल्ले लगेच मिळतात. चॉकलेट खाऊ नको, दही बंद कर, आंबट सोड. पण "सकाळपासून पोटात काय गेलंय?" हे फार थोडे जण विचारतात.

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, ही साधी डोकेदुखी नाही. तो मेंदू आणि चेहऱ्याच्या नसांशी संबंधित आजार आहे आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. ठणका लागतो, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही. मोठ्यांना उपचार न घेतल्यास हा त्रास ४ ते ७२ तास राहू शकतो. मुलांचं थोडं वेगळं असतं. त्यांचं दोन्हीकडचं कपाळ दुखतं, त्रास तासा-दोन तासांतही संपू शकतो, चेहरा पांढरा पडतो, उलटी होते, आणि झोपून उठलं की मूल पुन्हा खेळायला पळतं. म्हणून आपल्याला वाटतं, गणिताच्या तासाला नाटक करत होतं! माझाही असा समज अनेक वर्षं होता. आईला किंवा आजीला अर्धशिशी आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळदा उलगडा होतो.

आता खाण्याकडे येऊ. १९६७ साली इंग्लंडमध्ये एडा हॅनिंग्टन या डॉक्टर बाईंनी मुरलेल्या चीजमधल्या टायरामिन नावाच्या घटकाचा मायग्रेनशी संबंध मांडला. चीज, वाइन, चॉकलेट अशा वर्ज्य पदार्थांच्या याद्या तेव्हापासून फार पसरल्या. आपल्या ज्वारीच्या भाकरीच्या ताटात त्यातलं किती असतं, सांगा बरं? शिवाय चॉकलेटची गंमत अशी, की अटॅक येण्याआधी काही तास किंवा आदल्या दिवशी अनेकांना गोड खावंसं वाटतं. म्हणजे तेव्हा अटॅक आतून सुरू झालेला असू शकतो आणि खाणं हे त्याचं लक्षण असतं. आपण मात्र त्यालाच कारण धरतो.

२००७ साली अमेरिकेत १२०७ रुग्णांना अटॅक कशाने येतो हे विचारलं होतं. विशिष्ट पदार्थामुळे, असं सुमारे २७ टक्क्यांनी सांगितलं. वेळेवर न जेवल्यामुळे, असं सांगणारे ५७ टक्के होते. हा आकडा मला आपल्या शाळांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. सकाळची शाळा असली की किती मुलं चहा-बिस्किटावर येतात, हे आपण रोज परिपाठाला बघतो. रात्री आठला जेवलेलं मूल खिचडी मिळेपर्यंत बारा-चौदा तास जवळजवळ उपाशीच असतं. त्यात मार्च-एप्रिलचं मराठवाड्यातलं ऊन!

पाण्याचं तर वेगळंच. चरकसंहितेत अर्धशिशीला अर्धावभेदक म्हटलं आहे. तिच्या कारणांमध्ये रूक्ष अन्न, आधीचं पचण्याआधी पुन्हा खाणं, अति श्रम यांच्याबरोबर वेग अडवणं, म्हणजे लघवी-शौच रोखून धरणं, हेही दिलं आहे. हे वाचलं तेव्हा मला सहावी-सातवीच्या मुली आठवल्या. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. आणि खरं सांगायचं तर आपल्या शिक्षिकाही तेच करतात. अशा मुलीला बदाम खायला सांगून काय होणार?

चहाबद्दल थोडं. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने तो एकदम बंद केला की कॅफीन तुटल्यामुळे डोकं दुखतं. रमजानच्या पहिल्या काही रोजांना डोकं दुखण्याचं हे एक कारण असतं. उपवासाला उलटं होतं, जेवण नाही म्हणून चहा वाढतो. दोन्ही वाईटच. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी चहा रोज साधारण तेवढाच आणि त्याच वेळी घ्यावा. उपवास असेल तर सकाळी लवकर भगर, राजगिरा, शेंगदाणे, ताक असं काहीतरी पोटात जाऊ द्यावं.

आता घरगुती उपाय. आपल्याकडे सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायला सांगतात. मला तरी वाटतं, यात जिलबीपेक्षा पहाटे उपास मोडण्याचा वाटा मोठा असावा. मधुमेह असणाऱ्यांनी जिलबीच्या वाटेला जाऊ नये, तिथे दूध-पोळीही चालेल.

सुंठीला मात्र थोडा आधार आहे. इराणमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात पाव ग्रॅम आल्याची पूड सुमाट्रिप्टान या नेहमीच्या औषधाइतकीच उपयोगी ठरली. पण त्यात खोटी गोळी दिलेला तुलनेचा गट नव्हता. पुढे ब्राझीलमध्ये रोज आलं देऊन अटॅक टळतात का हे पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं सुरू होताना सुंठेचं पाणी घेऊन बघायला हरकत नाही, मळमळ तरी कमी होईल. लेप लहान मुलांच्या कपाळाला लावू नका, कातडी भाजते. नाकात तूप सोडण्याचा उपाय वैद्यांच्या देखरेखीखाली मोठ्यांनी करावा. तान्ह्या आणि लहान मुलांच्या नाकात तूप-तेल घातलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

मॅग्नेशियमचा काही जणांना फायदा होतो, पण अभ्यासात दिलेला डोस रोज ६०० मिलिग्रॅमच्या आसपास होता. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सव्वाशे मिलिग्रॅम असतं. बाजरी, तीळ, पालेभाजी जरूर खावी, पण तिला औषध समजू नये. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. मेडिकलवरून आणलेली डोकेदुखीची गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन मिसळलेली असेल तर दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग माणूस आणखी गोळ्या घेतो. आपल्या पर्समधली पट्टी महिन्यात किती वेळा संपते, मोजून बघा.

त्यापेक्षा एक वही करा. तारीख, दुखणं किती वाजता सुरू झालं, शेवटचं जेवण केव्हा, झोप किती, पाणी किती, मुलींसाठी पाळीची तारीख, गोळी घेतली का. दोन महिने लिहिलं की डॉक्टरांना दाखवायला नेमकं काहीतरी असतं. मुलांना तर ही वही स्वतः लिहायला आवडते.

पण पुढचं काही दिसलं तर वही नको, लेप नको, थेट घाटी किंवा जवळचं रुग्णालय गाठा : अचानक आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. मुलाला रोज पहाटे डोकं दुखून उलटी होत असेल, किंवा दुखणं आठवड्यागणिक वाढत असेल, तर चष्म्याचा नंबर असेल म्हणून थांबू नका.

वर्गात मुलाने डोकं धरलं तर त्याला कमी उजेडाच्या खोलीत आडवं होऊ द्या, पाणी द्या, काही खाल्लंय का विचारा. डब्यातलं दोन घास खाता येत असेल तर मधल्या सुट्टीची वाट बघायला लावू नका. आणि घरी चिठ्ठी पाठवताना "डोके दुखत होते" एवढंच न लिहिता वेळ लिहा.