हिंगण्याची पायवाट

दुसऱ्याच्या आचरणात पालट घडवून आणावयाचा तर त्याचे मत आधी जिंकले पाहिजे, असा समज सुधारकांत फार रूढ आहे. परंतु धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र न्याहाळले म्हणजे वाटू लागते की, मनुष्य पुष्कळदा आधी हातभार लावतो आणि मत मागाहून, सवडीने बदलतो. मुरूडचा हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेला, तेव्हा त्याची किरकोळ अंगकाठी पाहून सतरा वर्षे पुरी झाल्याचे अंमलदारांस पटेना व त्याला हात हलवीत परतावे लागले. परंतु नकार पचवून पुन्हा चालू लागण्याची जी सवय त्याला जडली, ती पुढे फार उपयोगी पडली.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता, १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी त्याची किंमत स्वतः भरली होती. तथापि विधवाविवाहाच्या मंडळीचे काम करताना त्यांच्या ध्यानी आले की, या मार्गाने सुटका होईल ती मोजक्याच स्त्रियांची, आणि शिक्षण घेऊन स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली विधवा मात्र, पुनर्विवाह करो वा न करो, कोणाची आश्रित उरणार नाही. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला; १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला, आणि महाविद्यालयातील तास आटोपून हे प्राध्यापक चिखल तुडवीत, सामानसुमान घेऊन, तेथवर पायी जात.

आता मुद्द्याची, आणि थोडी अडचणीची गोष्ट. पुनर्विवाहाच्या प्रचारापासून आश्रम त्यांनी कटाक्षाने अलग ठेवला, कारण पुनर्विवाहाचे नाव निघताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडत, असे सनातनी गृहस्थही विधवेच्या शिक्षणासाठी वर्गणी देण्यास तयार असत. ही माघार आहे, असे काही सुधारकांना वाटले, आणि तो आक्षेप मला अगदीच निराधार वाटत नाही. मात्र वर्गणी देणारा गृहस्थ, त्याच्या नकळत का होईना, त्या कामाचा भागीदार होत होता, हेही विसरता येत नाही. (त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांच्या स्वभावात ही तडजोड मुळीच नव्हती, संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. एकाच घरातल्या या दोन रीतींपैकी श्रेष्ठ कोणती, याचा निवाडा मी करू धजत नाही.)

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले आणि १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यासाठी पंधरा लाखांची देणगी दिली. एवढ्यावर कोणीही विसावला असता. परंतु १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती काढण्यासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापले, आणि वर्गणीसाठी पुन्हा दारोदार हिंडू लागले.