झाकणं, दोर, रक्त आणि पराग

गणेशोत्सवात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाची मूर्ती बातमीत येते ती तिच्या सामानामुळे. कुणी सुपाऱ्यांचा गणपती करतं, कुणी नारळांचा, कुणी बिस्किटांचा. बातमीत आकडाही हमखास असतो : इतक्या हजार सुपाऱ्या, इतके दिवस, इतके कार्यकर्ते. मेहनत कौतुकाचीच असते. पण सुपाऱ्या काढून तिथे बदाम लावले तर मूर्तीत काय बदलेल? सोंड तिथेच, मोदक तिथेच, आशीर्वादाचा हातही तसाच. बदलेल तो बातमीतला आकडा. रूप आधी ठरलेलं आहे, सामान त्यावर चढवलेलं आहे. ते तसंच असायला हवं, कारण भक्ताला गणपती हवा असतो. तो कशाचा आहे हे नंतरचं.

हीच ‘सामान बदलून बघण्याची’ परीक्षा आजच्या शिल्पकलेला लावली, तर चांगलं काम आणि नुसती करामत यांतला फरक चटकन कळतो. शिल्पकाराकडे पूर्वी मोजकेच मार्ग होते : दगड-लाकूड कोरायचं, माती घडवायची, धातू ओतायचा. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडून बैलाचं डोकं केलं आणि हाती लागेल त्या वस्तूचं शिल्प होऊ शकतं हे सगळ्यांना दिसलं. त्यानंतर दारं उघडली ती उघडलीच. रबर, मेण, भांडी, टिकल्या, मासे, रक्त, परागकण... काहीही वर्ज्य राहिलं नाही. काहीही चालतं म्हटल्यावर ‘हेच का?’ हा प्रश्न मात्र जास्त अवघड झाला.

या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर एल अनात्सुई यांच्याकडे आहे. घानामधल्या अन्याको इथे १९४४ साली त्यांचा जन्म झाला आणि १९७५पासून ते नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात शिकवू लागले. लाकूड कोरायचे, तेही यंत्राच्या करवतीने. १९९८च्या सुमारास न्सुक्काजवळच्या झुडपांत त्यांना कुणीतरी टाकून दिलेली एक पिशवी सापडली. आत होती दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं आणि बाटलीच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्या. पिशवी त्यांनी स्टुडिओत आणली आणि बरेच दिवस ती नुसतीच पडून राहिली.

मग त्यांनी ती झाकणं उलगडायला सुरुवात केली. गळ्याची पट्टी कापून सपाट केली की चिंचोळा आयत मिळतो. वरची चकती दाबली की गोल. पट्टी पिळली की वळी. प्रत्येक तुकड्याच्या कडेला टोच्याने भोकं पाडायची, त्यांतून तांब्याची बारीक तार ओवायची आणि पीळ देऊन शेजारच्या तुकड्याला बांधायचं. डझनावारी मदतनीस बसून असे लहान लहान भाग तयार करतात. ते जमिनीवर पसरून अनात्सुई मांडणी बदलतात, फोटो काढून पाहतात, पुन्हा हलवतात. कुठेही रंगाचा ब्रश लागत नाही. लाल, सोनेरी, काळा, पिवळा हे सगळे रंग दारू कंपन्यांनी आधीच देऊन ठेवलेले असतात. जवळ गेलं की ब्रँडची नावं वाचता येतात. दहा पावलं मागे आलं की समोर जरीचं भलंमोठं वस्त्र लटकत असतं. अनात्सुई यांचे वडील आणि भाऊ केंटे हे घानाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणत असत, हे इथे आठवतंच.

आता सामान बदलून बघा. झाकणांऐवजी रंगीत मणी ओवले तर वस्त्र कदाचित जास्तच देखणं होईल, पण त्यातला इतिहास निघून जाईल. युरोपातले व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो माल घेऊन उतरत, त्यात दारू होती आणि तिच्या बदल्यात माणसं नेली जात. ती माणसं अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यांत राबली आणि त्याच उसाची रम पुन्हा जहाजात चढली. एवढा प्रवास एका झाकणात बसतो. शिवाय मण्यांना ही लवचीक शिस्त जमली नसती. ताठ पत्रा तारेच्या सांध्यांमुळे कापडासारखा पडतो, त्याला चुण्या घालता येतात. त्या कशा घालायच्या याची मोकळीक अनात्सुई प्रदर्शन लावणाऱ्यांना देतात, त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन रूपांत दिसतं. २००७च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी पलाझ्झो फोर्तुनी या जुन्या वाड्याचा दर्शनी भाग असा झाकून टाकला. २०१५ साली त्याच बिएनालेत त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला आणि २०२३मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधला प्रचंड टर्बाइन हॉल त्यांच्या हाती सोपवण्यात आला.

तारेऐवजी गाठीवर सगळी मदार ठेवणाऱ्या शिल्पकार आपल्या मुंबईत जन्मल्या. मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) म्हणजे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार लीला मुखर्जी यांची मुलगी. बडोद्याला चित्रकला शिकल्या, मग तिथेच के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रकला. लोककारागिरांचं काम गंभीरपणे बघायला शिकवणारा हा गुरू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुतळीसारख्या नैसर्गिक धाग्यांना हात घातला आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्या गाठी मारत राहिल्या.

माग नाही, विणायच्या सुया नाहीत, आधी काढलेला आराखडा नाही. हेम्पचा, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाचा, दोर घ्यायचा, तो जांभळा, गेरूसारखा लाल, मोरपंखी असा रंगवायचा आणि धातूच्या सांगाड्यावर हाताने गाठ, गाठीवर गाठ मारत जायचं. एकेका कामाला महिनोन्महिने लागत. त्यातून उभ्या राहिल्या माणसापेक्षा मोठ्या आकृत्या : ‘यक्षी’ (१९८४), ‘वनश्री’ (१९९४). देवता म्हणाव्यात तर मधूनच पाकळी उमलते, फूल म्हणावं तर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. दोराला स्वतःचं वजन असतं. तो लोंबतो, घड्या पाडतो, ओठांसारखा दुमडतो. ही सगळी वळणं त्या वजनातून आली आहेत. संगमरवरात ती कोरली असती तर वळणाचं चित्र झालं असतं, वळण झालं नसतं.

त्याच काळात मॅक्रमेची, म्हणजे गाठी मारून केलेली, शिंकाळी घरोघरी कुंड्या सांभाळत लटकत होती, तेव्हा या कामाला ‘हस्तकला’ म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, आणि पुष्कळांनी ते केलंही. बाईने धाग्याचं काम केलं की ते विणकाम, हा हिशेब जुनाच. पण मुखर्जींच्या बाबतीत परीक्षेचा निकाल त्यांनी स्वतःच दिला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या सिरॅमिककडे आणि नंतर ब्राँझकडे वळल्या. तिथे त्यांनी ‘यक्षी’ची धातूतली आवृत्ती काढली नाही. मातीने वेगळी फुलं दिली, ब्राँझने ताडामाडांच्या झावळ्यांसारखे फाटलेले, सुरकुतलेले आकार दिले. सामान बदललं तसं रूप बदललं. २०१५च्या सुरुवातीला दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं आणि ते चालू असतानाच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं ते २०१९ साली.

आपल्या किनाऱ्यावरून एक कल्पना थेट जगभर गेली, तिची गोष्टही इथेच सांगायला हवी. अमेरिकन कलाकार जॅनेट एकलमन १९९७ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर महाबलिपुरमला आल्या. चित्रांचं प्रदर्शन करायचं होतं, पण रंगांचं सामान पोहोचलंच नाही. किनाऱ्यावर कोळी जाळी गोळा करून त्यांचे ढीग लावत होते. इतका मोठा आकार आणि वजन जवळजवळ नाहीच, हे त्यांच्या लक्षात आलं. पहिली जाळीशिल्पं त्यांनी त्या कोळ्यांच्याच मदतीने केली. पुढे ही जाळी शहरांच्या चौकांवर चढली. त्यासाठी वजनाच्या हिशेबात पोलादाहून पंधरापट मजबूत असा धागा त्या वापरू लागल्या. त्यांच्या एका कामाचं नाव आहे ‘१.२६’. २०१०मध्ये चिलीत झालेल्या भूकंपाने पृथ्वीचा दिवस १.२६ मायक्रोसेकंदाने लहान झाल्याचं नासाच्या शास्त्रज्ञांचं गणित होतं, त्यावरून ते घेतलं. पोलादाचं जाळंही उभं राहील, पण वारा आला तर ते नुसतं सहन करेल. धाग्याचं जाळं त्याच्याबरोबर हलतं.

सामानालाच घडू देणारं असं काम मुंबईकरांना आपल्याच शहरात पाहायला मिळालं ते २०१०मध्ये. मुंबईतच १९५४ साली जन्मलेल्या अनीश कपूर यांनी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत एक तोफ आणली. ठरावीक वेळाने एक माणूस तिच्यात लाल मेणाचा गोळा भरायचा आणि हवेच्या दाबाने तो समोरच्या कोपऱ्यात जाऊन आदळायचा. शिल्पकाराने हात न लावता शिल्प आपोआप साठत गेलं. इथे मेणाऐवजी माती चालली नसती, कारण ती सुकते आणि झडते. मेण चिकटतं, ओघळतं आणि मांसासारखं दिसतं.

मार्क क्विन या इंग्रज कलाकाराने तर सामान स्वतःच्या अंगातूनच काढलं. ‘सेल्फ’ (१९९१) म्हणजे त्याच्या डोक्याचा साचा आणि त्यात गोठवलेलं त्याचंच सुमारे साडेचार लिटर रक्त. पाच महिने थोडं थोडं काढून ते जमवलं. दर पाच वर्षांनी तो नवं डोकं करतो, म्हणजे म्हातारपणही नोंदलं जातं. लाल मेणाचं केलं असतं तर मादाम तुसाँच्या रांगेत आणखी एक पुतळा वाढला असता. इथे शीतपेटीची वीज गेली की माणूस संपला. आयुष्य किती कशावर अवलंबून असतं हे सांगायला त्याहून सरळ वाट नाही.

परीक्षा अडते ती जितीश कलाट यांच्या ‘पब्लिक नोटिस २’पाशी (२००७). दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी साबरमतीला केलेलं भाषण ४,४७९ अक्षरांत फळ्यांवर मांडलेलं आहे, आणि प्रत्येक अक्षर हाडांचं दिसतं. हाडं खरी नाहीत, फायबरग्लासची आहेत. खरी असती तर सगळी चर्चा हाडांचीच झाली असती आणि भाषण कुणी वाचलं नसतं. तेव्हा सामान अस्सल असण्यापेक्षा अटळ असणं महत्त्वाचं, एवढी दुरुस्ती परीक्षेत करून घ्यावी लागते.

आणि ही परीक्षा एकदा पास झालं की कायमचं झालं, असंही नाही. सुबोध गुप्ता यांनी २००६मध्ये स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी केली, ‘व्हेरी हंग्री गॉड’. चकाकी आणि रिकामं पोट एकाच वस्तूत आलं, ते भांड्यांशिवाय शक्यच नव्हतं. पण पुढे भांडं दिसलं की माणसं ‘सुबोध गुप्ता’ म्हणून पुढे सरकू लागली. सामानाची सही झाली, की रूप पुन्हा आधीच ठरलेलं असतं.

अशा कामांची खरी कसोटी मात्र विकत घेतल्यावर लागते. एव्हा हेस यांनी साठच्या दशकात लॅटेक्स रबराची शिल्पं केली; ते टिकणार नाही हे त्यांना माहीत होतं. १९७०मध्ये चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या आणि आज ते रबर पिवळं, कडक, ठिसूळ झालं आहे. डेमियन हर्स्ट यांचा १९९१चा, द्रावणात बुडवलेला शार्क सडू लागला, तेव्हा २००६मध्ये दुसरा शार्क आणून टाकला. काम तेच की वेगळं, यावर अजून वाद घालता येतो.

जर्मनीचे वुल्फगांग लाइब यांनी हा वाद उलटाच करून टाकला आहे. शिक्षणाने ते डॉक्टर. वसंतात ते गावाभोवतीच्या झाडांचे परागकण हाताने गोळा करतात आणि गाळणीने जमिनीवर चाळून पिवळाधमक चौकोन घालतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१३ साली त्यांनी हेझलनटच्या परागाचा असा १८ बाय २१ फुटांचा चौकोन मांडला. पराग कशानेच चिकटवलेला नसतो. प्रदर्शन संपलं की तो गोळा करून बरणीत परत जातो. १९७५पासून ते ‘मिल्कस्टोन’ही करत आले आहेत : पांढऱ्या संगमरवराची लादी, वरचा भाग घासून किंचित खोलगट केलेला, आणि त्यात काठोकाठ दूध. पहिलं दूध लाइब ओततात. नंतर दूध नासायच्या आत लादी पुसून पुन्हा भरायचं काम संग्रहालयाच्या माणसांचं, रोज. दक्षिण भारताशी त्यांचं जुनं नातं आहे, आणि अभिषेक पाहत वाढलेल्या आपल्याला यात परकं काही वाटत नाही. घरात देव आणला की त्याचं रोजचं करणं आलं, हे आपल्याकडे कुणी वेगळं सांगत नाही.

म्हणून या शिल्पांपुढे उभं राहिल्यावर दोन प्रश्न पुरतात. सामान बदललं तर काय जाईल? आणि याची निगा उद्या कोण राखणार? आपल्या दमट हवेत दोराला कसर लागते, धूळ गाठीगाठींत बसते, वीज अधूनमधून जातेच. कलाकाराने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप मिळत नाही. ते संग्रहालयाने, खरेदीदाराने आणि त्यांच्या अंदाजपत्रकाने द्यायचं असतं. दगडाची मूर्ती शतकानुशतकं कुणाकडे फारसं काही मागत नाही. यांचं तसं नाही. ती विकत घेताना किमतीच्या आकड्याशेजारी रोजच्या देखभालीचा आकडाही लिहून ठेवावा.