हवेतल्या उष्णतेवर चालणारं घड्याळ

आपल्या भोवतीच्या हवेत, पाण्यात अफाट उष्णता आहे. मग तिच्यावर फुकटात इंजिन का नाही चालवायचं? जॉन गॅमजी यांनी १८८१ च्या सुमारास अमेरिकेत नेमका हाच घाट घातला. द्रव अमोनिया शून्य अंशालाही उकळून वातावरणाच्या चौपट दाब देतो. त्या दाबानं दट्ट्या ढकलायचा, कोळशाची गरजच नाही! नौदलातले नामांकित अभियंते बेंजामिन इशरवूड यांनीही पाठिंबा दिला.

पण काम झाल्यावर त्या वाफेचा पुन्हा द्रव कसा करायचा? दाब वातावरणाइतका उतरला की अमोनिया द्रव व्हायला उणे ३३ अंश लागतात. तेवढी थंडी निर्माण करायला मिळालेली सगळी ऊर्जा जाते, वर पदरचीही घालावी लागते. उष्णता कितीही असो, तापमानात फरक नसेल तर तिच्यातून सतत काम काढता येत नाही. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम तो हाच.

फरक मिळाला की मात्र कमाल होते. १९२८ मध्ये जाँ-लेऑं रायटर यांनी बनवलेलं 'अ‍ॅटमॉस' घड्याळ माझं फार आवडतं! नंतरच्या अ‍ॅटमॉसमध्ये हवाबंद डबीत इथाइल क्लोराइड असतं. खोली तापली की डबी फुगते, गार झाली की आक्रसते आणि त्या हालचालीनं स्प्रिंगला आपोआप चावी बसते. एका अंशाच्या फरकावर घड्याळ सुमारे दोन दिवस चालतं, कारण त्याचं तोलचक्र मिनिटाला एकच फेरा पूर्ण करतं. खोलीचं तापमान अगदी स्थिर ठेवलं, तर साठवलेली चावी संपल्यावर तेही थांबेल.